मार्लिसने सोडलेले मासे

ऑर्डल गावात मार्लिस हॉग्रूडला न घाबरणारा माणूस शोधायचा तर दफनभूमीतच जावं लागेल. बाई एकसष्ट वर्षांची, चण बारीक, पण आवाज असा की व्हिसलर तळ्याच्या या काठावरून दिलेली शिवी त्या काठाला स्पष्ट ऐकू जायची. सत्तावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. बसमधल्या पोरांना जशी ती आरशातून वचकात ठेवायची, तशीच नंतर तळ्यावरच्या मोठ्या माणसांना ठेवू लागली.

शाळा तिची बारावीलाच संपली होती. पण तळ्याबद्दल जे काही हाती लागेल ते तिने वाचून काढलं. मत्स्यखात्याचे जाडजूड अहवाल ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून, पेन्सिलीने खुणा करत, पुटपुटत वाचायची. एकदा खात्याचा एक पदवीवाला अधिकारी गावात आला आणि तळ्यात वॉलाय जातीचे किती मासे उरले आहेत ते सांगायला लागला. मार्लिसने त्याला त्याच्याच अहवालातलं पान उघडून दाखवलं आणि आकडा चुकल्याचं चारचौघांत कबूल करायला लावलं. त्या दिवसापासून गाव तिला मानायला लागलं, आणि ती स्वतःला जरा जास्तच मानायला लागली.

तिचं दुखणं खरं होतं. मिनियापोलिस शहरापासून दोन तासांवरचं तळं. हिवाळ्यात ते गोठलं की शनिवारी पहाटे बर्फावर गाड्यांची रांग लागायची आणि दुपारपर्यंत तंबूंची वसाहत उभी राहायची. वॉलाय तर कधीच हाताबाहेर गेले होते. आठवडाभर बसून एखादा लागला तर नशीब. क्रॅपी मात्र होते. ताटलीएवढा, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा मासा, गोड मांसाचा, थंडीत थव्याने एका जागी जमणारा. थवा सापडला की तासाभरात माणसाची बादली भरते. म्हणूनच मार्लिस म्हणायची की वॉलाय गेले तसे हेही जाणार. सरकारने माणशी रोज दहाची मुभा दिली होती, तिला ती पाचवर आणायची होती. त्यासाठी ती दारोदार सह्या गोळा करत होती.

आणि स्वतः ती एकही मासा घरी नेत नव्हती. हा तिचा बाणा. तळ्याच्या मधोमध चौतीस फूट खोल डोहावर तिचा लाल तंबू असायचा. तिथे दुसरं कुणी बसत नसे, बसायची कुणाची छातीच नव्हती. तिथून दुर्बीण लावून ती बाकीच्यांच्या बादल्यांवर नजर ठेवायची. ती गिरमिटाने बर्फाला भोक पाडायची, मासा काढायची, लांबी मोजायची, आणि त्याचं डोकं खाली करून असा जोरात सोडायची की तो सळकन अंधारात नाहीसा व्हायचा. ऑरिन स्टेनच्या आमिषाच्या दुकानात एक फळा टांगला होता. त्यावर ठळक अक्षरांत ‘मार्लिसने सोडलेले’ आणि खाली आकडा. गेल्या हिवाळ्याचे सहाशे बारा. या हिवाळ्यात जानेवारीअखेर चारशे झाले होते. बाहेरगावची माणसं त्या फळ्यासमोर उभी राहून फोटो काढत, आणि ऑरिन कॉफी ओतत सांगे, "ही बाई नसती तर हे तळं म्हणजे नुसती पाण्याची टाकी झाली असती."

रोज दहा मासे नेणारे गावात वीसएक जण होते. पण जानेवारीच्या सभेत नाव घेतलं गेलं ते एकाच घराचं.

सभा तळ्याच्या रहिवासी मंडळाची. काठावरचा उतार मंडळाच्या मालकीचा, बर्फावरचा रस्ताही मंडळच साफ करायचं, आणि गाडीच्या काचेला मंडळाचा पास असल्याशिवाय तिथून उतरता येत नसे. मार्लिस उठली आणि म्हणाली की तळं ओरबाडणाऱ्यांचे पास काढून घ्या. कुणीतरी विचारलं, उदाहरणार्थ कोण? ती म्हणाली, "मुआंची बादली बघा. रोज नवरा-बायको येतात, रोज भरून नेतात. त्यांना तळं म्हणजे फुकटचा बाजार वाटतो."

वा सेंग मुआ सत्तरीचा म्हातारा, आशियातून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग जमातीचा. चाळीस वर्षं याच देशात काढलेला, लाकडाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, घरात तीन पिढ्या. तो आणि त्याची बायको शोआ काठाजवळच्या उथळ पाण्यात, वाळक्या पाणगवताच्या कडेला दोन उलट्या बादल्यांवर शेजारी शेजारी बसत. दुपारी डब्यातून चिकट भात आणि मिरचीचा ठेचा खात. दोघांचे मिळून वीस झाले की उठत. कायद्यात बसणारं सगळं. हे मार्लिसला माहीत होतं, सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. इतर अठरा जणांना सोडून त्याच दोघांचं नाव का घेतलं, हेही सगळ्यांना माहीत होतं. ते कुणी बोललं नाही एवढंच. वा सेंग मागच्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. शोआ शेजारी होती. पासाचा निकाल मार्चच्या सभेत करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून बर्फावर एकच बादली दिसू लागली. शोआने यायचं बंद केलं.

फेब्रुवारीत ऑरिनने मार्लिसला पाण्याखालचा कॅमेरा वापरायला दिला. लांब वायरच्या टोकाला मुठीएवढा कॅमेरा, वर छोटा पडदा. कल्पना तिचीच. डोहातला थवा जिवंत, पोहताना दाखवायचा, सह्यांच्या अर्जासोबत तो पाठवायचा, म्हणजे खात्यातल्या लोकांना कळेल आपण काय वाचवतो आहोत ते. तिने कॅमेरा सोडला. एकतीस फुटांवर थवा दिसला, आणि बाई एकटीच तंबूत हसली. पंधरा मिनिटं तिने चित्रण केलं. मग वायर गुंडाळत कॅमेरा वर आणायला लागली.

बर्फाच्या जरा खाली तो कलंडला आणि आडवा वळला.

पडद्यावर पांढरं काहीतरी दिसलं. तिला वाटलं हवेचे बुडबुडे असतील, बर्फाला खालून चिकटलेले. तिने कॅमेरा स्थिर धरला. ते मासे होते. पोटं वर, पाठी खाली, बर्फाच्या छताला चिकटून राहिलेले. डोळे बाहेर आलेले, काहींच्या तोंडातून जठर फुग्यासारखं बाहेर पडलेलं. तिच्या भोकाभोवती वर्तुळ करून. तिने मोजायला सुरुवात केली, कारण मोजणं ही तिची सवय होती. एकेचाळीसपर्यंत मोजले आणि थांबली. मग बाहेर जाऊन गेल्या आठवड्याच्या भोकाचा ताजा बर्फ फोडला, कॅमेरा सोडला. तिथे जास्त होते.

ती बर्फावर गुडघ्यांवरच बसून राहिली. आणि तेव्हा तिला आठवलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी वा सेंग एकदा तिच्या तंबूपर्यंत चालत आला होता. दारातच उभा राहून, अदबीने म्हणाला होता, "बाई, या खोलातले जगत नाहीत. वर आणला की पोटातली हवा फुगते. खाली गेल्यासारखा वाटतो, पण परत वर येतो. आम्ही इथून काढतच नाही. काढला तर खायचा." आणि तिने काय म्हटलं होतं? "मला मासे शिकवायला आलात? आधी तुमची बादली बघा." तो मान हलवून परत गेला होता. तिने हा किस्सा ऑरिनच्या दुकानात रंगवून सांगितला होता, आणि लोक हसले होते.

घरी गेल्यावर तिने अहवालांचा गठ्ठा काढला. तिला हवं ते पान सापडायला वेळ लागला नाही. सोडलेल्या माशांवरचं प्रकरण. पहिल्या वाक्याखाली तिच्याच पेन्सिलीची दुहेरी रेघ होती: सोडलेले बहुतेक मासे जगतात. त्याच्या खालच्या वाक्यात लिहिलं होतं की तीस फुटांखालून काढलेल्या क्रॅपीला हे लागू नाही, त्यातले बरेचसे मरतात. त्या वाक्याखाली रेघ नव्हती. ते तिने वाचलंच नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. पान तिने कितीदा तरी वाचलं होतं. जे तिच्या कामाचं होतं तेवढंच तिच्या डोळ्यांनी उचललं होतं.

मुआंचे दोघांचे मिळून रोज वीस. ते वीस कुणाच्या तरी ताटात गेले. हिचे हजाराच्या वर, आणि एकही कुणाच्या पोटात गेला नाही.

आता खरी गोष्ट ही की मार्लिसने तेव्हा कुणालाही काही सांगितलं नाही. तीन आठवडे. कॅमेरा परत करताना ऑरिनला म्हणाली की चित्र धूसर आलं. त्याने फळ्यावरचा आकडा वाढवायला खडू उचलला तेव्हा तिने त्याला थांबवलं, पाठ दुखते, हल्ली जात नाही म्हणाली. ऑरिनने तिला कमरेला बांधायचा गरम पट्टा देऊ केला. बसमध्ये दंगा करणाऱ्या पोराला ती नेहमी म्हणायची, खिडकी कुणी फोडली ते आत्ता सांग, नंतर सांगशील तर दुप्पट शिक्षा. तीच बाई किराणा दुकानात वा सेंगची गाडी दिसली की मागच्या रांगेतून निघून जायची. मी सगळ्यांशी भांडले ते खरं बोलण्यासाठी, असं ती आयुष्यभर सांगत आली होती. आणि आता खरं बोलायची पाळी आली तर तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

मार्चमधल्या एका शनिवारी, भर दुपारी, सभा भरली. मंडळाचा अध्यक्ष लायल ब्रेकी हा खुशमस्कऱ्या माणूस. त्याने मुआंच्या पासाचा विषय काढला आणि मार्लिसकडे पाहिलं. मार्लिस उठली. घरून तिने ठरवलं होतं की एवढंच करायचं, विषय मागे घ्यायचा. तिने तेवढंच केलं. म्हणाली की ती तक्रार मागे घेते, पास राहू दे.

लायलचा चेहरा उजळला. "बघा," तो म्हणाला, "याला म्हणतात मोठं मन." टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मार्लिसचा हात दाबला. कुणीतरी मागे वळून वा सेंगला म्हणालं, "आता आभार मान तिचे, आजोबा."

आणि वा सेंग खरंच उठायला लागला. टोपी हातात घेऊन, सावकाश, खुर्चीची पाठ धरून. तो आपले आभार मानणार आहे हे मार्लिसला दिसलं, आणि ते तिला सोसलं नाही. पडद्यावरचे मासे तिने सोसले होते, ते पान सोसलं होतं, हे नाही.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता, लोकांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "आभार कसले मानता. मीच मारलेत. डोहातले सगळे. सोडलेले एकूणएक मेलेत, बर्फाखाली चिकटलेत, मी डोळ्यांनी बघितलं. तीन आठवडे झाले बघून. यांनी मला दोन वर्षांपूर्वी येऊन सांगितलं होतं, नीट, हात जोडल्यासारखं. मी यांना हाकललं. आणि मग इथे उभं राहून यांचंच नाव घेतलं. बाकी अठरा जण होते, त्यांतल्या एकाचंही घेतलं नाही. का नाही घेतलं ते मला माहीत आहे."

 मग मागून एकजण हसत म्हणाला, म्हणजे आता दहाचे दहा बिनधास्त न्यायचे ना, आणि चारपाच जण हसले. तिचा सह्यांचा अर्ज तिथेच मेला, हे तिला त्या हसण्यावरूनच कळलं. लायलने घसा साफ केला आणि रस्त्याच्या खडीचा विषय घेतला. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

सभा संपल्यावर ती वा सेंगच्या मागे बाहेर गेली. उतारावर बर्फ वितळून चिखल झाला होता. तिने त्याला गाठलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"पास मिळाला. ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्ही बोललात, तेही ऐकलं."

"त्या येतील का आता? परत, तुमच्याबरोबर?"

"ते मला काय विचारता? गाडीत बसली आहे."

शोआ गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, काच वर, मांडीवर जाडे हातमोजे. आत सभेला ती आलीच नव्हती. मार्लिस चिखलातून तिकडे गेली आणि काचेवर बोट वाजवलं. काच दोन बोटं खाली आली. मार्लिसने आत जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, पण इथे टाळ्या नव्हत्या, खुर्च्या नव्हत्या, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते अधिक घाण वाटलं. चुकले, असं ती म्हणाली. हा शब्द तिने नवऱ्याला, बहिणीला, कुणालाच कधी म्हटला नव्हता, त्यामुळे तिला तो नीट म्हणताही आला नाही.

शोआने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मला दहापर्यंत मोजता येतं, बाई. तुम्ही दुर्बिणीतून बघायचात ना, म्हणून मी दोनदा मोजायची. एकदा बादलीत टाकताना, एकदा उठताना. वीस वर्षं मासे धरते आहे, कधी दोनदा मोजावे लागले नव्हते." तिने मांडीवरचे हातमोजे सारखे केले. "बर्फावर बसायला मला आवडायचं. घरात माणसं फार. तिथे आम्ही दोघंच असायचो."

"मग या ना," मार्लिस म्हणाली. "मी नसेन तिथे. तंबू काढते."

"तुम्ही असा नाहीतर नसा," शोआ म्हणाली, "मला आता तिथे बसलं की कुणीतरी बघतंय असं वाटतं." आणि तिने काच वर केली.

वा सेंगने दुसऱ्या बाजूने गाडीत चढून किल्ली फिरवली. गाडी मागे घेताना चाकांचा चिखल मार्लिसच्या बुटांवर उडाला. मंडळाची माणसं दोघा-तिघांच्या घोळक्याने तिच्या शेजारून आपापल्या गाड्यांकडे जात होती. त्यांतला ऑरिन तेवढा क्षणभर थांबला, काहीतरी बोलावं अशा बेताने, पण मग खिशातून हातमोजे काढून घालायला लागला, आणि घालता घालताच पुढे निघून गेला.