नागम्माची चौकट

जळकोटच्या नागम्माला दोन वर्षांत कुणी उभी पाहिली नव्हती. बाई एके काळची मोठी खटपटी. नवरा ऐन तारुण्यात गेला, तेव्हा तिनं रान एकटीनं राखलं, करडईच्या काट्यांत अनवाणी फिरली, एकुलत्या एका शरणप्पाला मोठं करून त्याचं लग्न लावलं. भांडायची तीही उभ्यानंच. बसून केलेल्या भांडणाला ती भांडण म्हणतच नसे. आणि नेमके अशा बाईचे गुडघे धरले. आधी नुसती कुरकुर, मग सूज, आणि मग दोन्ही गुडघे असे आखडले की दुमडायचं नावच घेईनात.

मांडी घालणं सुटलं ते कायमचं. सकाळी लिंगपूजेला बसायचं तेसुद्धा भिंतीला पाठ लावून, पाय लांब पसरून. तळहातावर लिंग आणि समोर आपलेच पसरलेले पाय, हे बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. दुखण्याचं तिला एवढं वाईट वाटत नसे.

उपाय म्हणून करायचे काही बाकी राहिले नाहीत. सून नीलम्मा निरगुडीचा पाला वाफवून बांधी, एरंडेल जिरवी, तव्यावर वाळू तापवून पुरचुंडीनं शेकी. कुणीतरी बिब्बा घाला म्हणालं, तर त्याचे नुसते डाग राहिले. पण सगळ्यांत वाईट वेळ परसाकडं जायची. लेक आणि सून तिला घोंगडीत घालून दोन बाजूंनी उचलत, आणि उचलताना गुडघा जरा हलला की नागम्मा अशी कळवळून ओरडे की सगळ्या गल्लीला कळे, म्हातारीला नेलं. सून बिचारी कधी तोंड वाकडं करत नसे. शरणप्पा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. उचलताना आईकडं बघायचंच त्यानं सोडलं होतं. आपला वीट आला पोराला, असं नागम्मानं मनाशी धरलं, आणि ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही.

नळदुर्गचे एक हकीम बाजाराच्या दिवशी गावात येत. शरणप्पानं त्यांना घरी आणलं. त्यांनी गुडघे चाचपले, तेलाची बाटली दिली आणि म्हणाले, "बैठे रहना नक्को, अम्मा. बैठे तो बैठेच रह जाते. थोडा थोडा चलो."

"कशावर चालू, तुमच्या डोसक्यावर?" नागम्मा म्हणाली.

हकीमसाहेब रागावले नाहीत. त्यांनी हैदराबादेत एका दवाखान्यात म्हातारी माणसं लाकडी चौकट धरून चालताना पाहिली होती. अंगणातल्या मातीत त्यांनी काठीनं तिचं चित्र काढून दाखवलं. चार पाय, वर धरायला दोन आडव्या दांड्या, पुढून बंद आणि मागून उघडी. शरणप्पानं तिथल्या तिथं व्यंकट सुताराला बोलावून ते चित्र दाखवलं. व्यंकटनं सुतळीनं म्हातारीच्या टाचेपासून मनगटापर्यंतचं माप घेतलं. बाभूळ जड होईल म्हणून एका मोडक्या सागवानी दाराच्या पट्ट्या त्यानं वापरल्या, धरायच्या जागी चिंध्या गुंडाळल्या आणि पायांना खालून चामड्याचे तुकडे ठोकले, सारवलेल्या जमिनीवर घसरू नये म्हणून. परसात दोन दगडांची उंच बैठकही करून दिली. सुतार कसला, अर्धा हकीमच म्हणायचा.

चौकट तयार झाली ती ऐन सुगीत. महायुद्धाचे दिवस, निजाम सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, लागलेली. सरकारी माणसं खळ्यावर यायच्या आत ज्वारी काढायची म्हणून सगळं गाव रानात. शरणप्पा आणि नीलम्मा तांबडं फुटताच गेलेले. व्यंकट डोक्यावर चौकट घेऊन गल्लीतून निघाला, आणि शेजारच्या हरणाबाईनं त्याला पाहिलं.

हरणाबाईच्या जिभेला हाड नव्हतं. "कुणाचं रं हे?" तिनं विचारलं. व्यंकटच्या तोंडात तंबाखूचा बार. त्यानं मान उडवली आणि ओठ आवळूनच म्हणाला, "नागम्माचं." आणि तो पुढं गेला.

इथं एक सांगायला हवं. लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत. चार खांबांच्या लाकडी आसनात मांडी घालून बसवतात, त्याला विमान म्हणतात, आणि खड्ड्यातही बसवूनच ठेवतात. गावातली विमानं करायचा व्यंकटच. सुताराच्या डोक्यावर चार पायांचं लाकूडकाम आणि ते लिंगायताच्या घरी चाललेलं, तेही दोन वर्षं अंथरूण धरलेल्या म्हातारीसाठी! हे विमानच, असं हरणाबाईनं धरलं. तरी तिनं स्वतःला आवरलं. घटकाभरानं विस्तव मागायचं निमित्त करून ती नागम्माच्या घरात शिरली.

घरात चिटपाखरू नव्हतं. भिंतीकडंची जागा रिकामी. आणि अंथरूण गुंडाळून ठेवलेलं! माणूस गेल्यावरच गुंडाळतात तसं. म्हातारीला परसात न्हाऊ घालायला नेलं असणार, असं तिला वाटलं; मागं डोकावायचा धीर झाला नाही. हरणाबाईच्या हातातली खापरी खाली पडली आणि ती बोंबलत रानाकडं पळत सुटली.

नागम्मा तेव्हा परसात होती. व्यंकटनं तिला उभी केली होती, चार पावलं चालवून बघितली होती, आणि जमतंय म्हटल्यावर तो आपल्या कामाला गेला होता. तो गेल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली असेल तर दोन वर्षं पसरलेलं ते अंथरूण चौकटीला टेकून, काठीनं ओढून ओढून स्वतः गुंडाळलं. मग चौकट पुढं, एक पाय, दुसरा पाय, असं करत ती परसात गेली. एकटी. कुणी उचललं नाही, कुणी ओरडणं ऐकलं नाही. नंतर ती शेवग्याजवळ उन्हात उंच दगडावर बसून राहिली. गुडघे ठणकत होते, पण त्या ठणक्यातही तिला गोड वाटत होतं. किती वेळ गेला तिला कळलं नाही.

मग घराच्या पुढच्या बाजूनं रडणं ऐकू आलं. एक बाई, मग चार, मग घोळका. कोण गेलं गं बाई, म्हणून ती धडपडत उठली आणि चौकट सरकवत मागच्या दारापर्यंत आली. आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

"सुटली गं बाई नागम्मा! सुटली!"

"लई हाल झालं. बरंच झालं म्हनायचं."

"घरची बी सुटली."

 आपण मेलो की काय, अशी शंका क्षणभर नागम्माला खरोखर आली. गुडघ्यातून कळ आली तेव्हा जिवंत असल्याची खात्री पटली. पण त्या कळेपेक्षा ते 'बरंच झालं' आत कुठंतरी जास्त लागलं. यातल्या एकीच्याही तोंडून 'अरेरे' कसं निघालं नाही?

तिनं दार ढकललं आणि चौकट आत टाकली.

पुढं काय झालं ते गाव पुढं कित्येक वर्षं सांगत होतं. एक बाई किंचाळून कोपऱ्यात पडली. दुसरीनं डोळ्यांवर पदर घेतला आणि "शिवा, शिवा" सुरू केलं. हरणाबाईची तर दातखीळच बसली. नीलम्मा नुकतीच रानातून धापा टाकत पोचली होती, हातात विळा तसाच. ती तेवढी पुढं धावली आणि चौकटीसकट सासूला मिठी मारून हमसून हमसून रडू लागली. "आत्याबाई, तुमी चालताय! आत्याबाई!"

"माजा शरण कुठं हाय?" नागम्मानं विचारलं.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"नीलम्मा, शरण कुठं हाय?"

"ते... खड्ड्यावर गेलेत." नीलम्मानं मान खाली घातली. "सांज व्हायच्या आत करायचं, आन् मान्सं तर समदी रानात. म्हनून सोता खणाया गेलेत."

"घरी न येता? माजं तोंड बी न बघता?"

 बायकांचं 'सुटली' तिनं गिळलं असतं. पण पोटच्या पोरानं आई मेली ऐकून थेट कुदळ हातात घ्यावी? म्हणजे मनाशी धरलेलं खरंच होतं. नीलम्मा तिला बसवू लागली, पण ती बसेना. "तो येईस्तवर मी बसणार न्हाय," म्हणाली. पाय लटलट कापत होते, चौकटीच्या दांड्यांवर बोटं पांढरी पडली होती.

शरणप्पाला कुणीतरी पळत जाऊन सांगितलं. तो आला तो उंबऱ्यातच थिजला. कोपरापर्यंत माती, कपाळावर माती. समोर आई उभी. दोन वर्षांत त्यानं आईला एवढी उंच पाहिली नव्हती. तो मटकन खाली बसला.

"अव्वा..."

"तोंड बघाया का न्हाय आलास?" नागम्माचा आवाज चढला. "एवढी घाई झाली हुती तुला? एवढा कंटाळला हुतास?"

 शरणप्पा पुरुषासारखा पुरुष, सगळ्या बायकांसमोर लहान पोरासारखा रडायला लागला.

"भ्यालो म्या," तो शेवटी म्हणाला. "घरी भावकी तुला विमानात बसवाया मांडी घालाय लावणार. तुजं गुडगं दुमडत न्हायती. मागं शिवलिंगप्पा काकाचं बी असंच आखडलं हुतं. चौघांनी दाबलं तवा कडकन आवाज आला. त्यो माज्या कानातनं जाईना. तुजा आवाज झालेला मला ऐकवला नसता, अव्वा. म्हनून म्या आधी पळत गेलो. खड्डा गोल खणलाच न्हाय. लांबडा खणला. तुला पाय पसरून बसता यावं म्हनून. जंगम सामी काय म्हंतील ते म्हनू देत. भावकीला म्या रानातच सांगून टाकलं, माज्या अव्वाच्या गुडग्याला कुनी हात लावायचा न्हाय."

 हरणाबाईनंही पदर डोळ्यांना लावला.

नागम्मा बघतच राहिली. दोन वर्षं हा खाली मान घालून आपल्याला उचलत होता, ते वीट आला म्हणून नव्हे, आपली कळ त्याला बघवत नव्हती म्हणून! दोन वर्षांच्या कळांनी जे केलं नव्हतं ते त्या एका वाक्यानं केलं. तिला हुंदका आवरेना. एक हात दांडीवरून सोडून, तोल सांभाळत, तिनं त्याच्या मातीनं भरलेल्या डोक्यावर ठेवला. मग डोळे पुसले आणि जमलेल्या बायकांवरून नजर फिरवून सुनेला हाक मारली.

"नीलम्मा, चूल पेटीव. माजा पोरगा सकाळधरनं उपाशी हाय."