ब्रेक नसलेली गाडी

एल्सबेथ सपाट मुलखातून लग्न होऊन या डोंगरात आली, तेव्हापासून घरातली लाकडी बर्फगाडी तिने फक्त पुसून ठेवली होती. गाडी सायकलीसारखीच, पण चाकांच्या जागी घसरपट्ट्या, आणि ब्रेक मुळीच नाही. गावातली पोरंसुद्धा अशाच गाड्यांवरून खाली शाळेत जात. एल्सबेथ पायीच उतरायची.

आज शाळेतून फोन आला. तिचा लहानगा युर्ग पडला होता, हात मोडला होता आणि तो सारखा आईला बोलावत होता. बर्फामुळे मोटारींचा रस्ता बंद होता.

"चालत गेलीस तर दुपार होईल," सासू म्हणाली. "बस गाडीवर. बाळंतपणाला कुठे घाबरलीस!"

"तेव्हा बाजूला दरी नव्हती, आई."

पट्ट्या बर्फाला चिकटू नयेत म्हणून इथे त्यांना डुकराची चरबी घासतात. घाबरलेल्या एल्सबेथने सबंध तुकडाच चोळून संपवला.

"अगं बये, पुरे! उडशील!" सासू ओरडली, तोवर गाडी सुटली होती.

उतार अंगावर धावून आला. भीतीने ती मागे रेलली, तसं हँडल हलकं झालं आणि गाडी दरीकडे वळली. माझ्यामागे युर्गला कोण जवळ घेईल? पोरं वळणावर पुढे झुकून टाचा रोवतात, हे तिने पाहिलं होतं. किंचाळतच ती पुढे झुकली, टाचा बर्फात रोवल्या आणि गाडी वाटेवर परत आली.

शाळेच्या दारात बाईंना तिची बोटं हँडलवरून एकेक सोडवावी लागली.

"आई, तू रडतेस?" युर्गने विचारलं.

"वारा लागला रे," म्हणत ती त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली. मोडका हात सांभाळून तिने त्याला जवळ घेतलं.