छातीवरचा चौकोन

"छातीत काय लपवलंय गं?"

गेटवरचा सिक्युरिटी साहेब एवढ्या मोठ्यानं ओरडला की मागची रांग गप्प झाली. मी तपासणीच्या यंत्राच्या काचेच्या खोलीत हात वर करून उभी. डावा हात पुरता वर जात नाही. कानापाशीच थांबला.

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत हे यंत्र त्याच दिवशी सुरू झालं. कपड्याआड चाकू असो की प्लास्टिकची पुडी, त्याला सगळं दिसतं म्हणे. झाडलोट करणारे, माल उचलणारे, आम्ही सगळ्यांनी आता रोज त्यातून जायचं. ऑफिसातली माणसं दुसऱ्या गेटनं गाडीतून जातात. काचसुद्धा खाली करत नाहीत.

स्क्रीनवर बाहुलीसारखं चित्र होतं. बाहुलीच्या डाव्या छातीवर पिवळा चौकोन.

तिथं माझी छाती नाही. गाठ झाली होती, दोन वर्षांपूर्वी कापून काढली. ती बाजू सपाट दिसू नये म्हणून मी जुन्या परकराची पिशवी शिवली. नुसत्या कापसाला वजन येईना, म्हणून आत ज्वारी भरली. घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"काढून दे की मावशी, गुमान," गेटवरची शिपाईबाई कुजबुजली. "साहेब लई तापलाय."

मी पाठ फिरवून पिशवी काढली. साहेबानं ती टेबलावर ठेवून ब्लेडनं फाडली. ज्वारी घरंगळली.

"हितं भाकऱ्या थापायच्यात व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली. माझ्यासोबत झाडणाऱ्या बायाही हसल्या.

मी दाणे वेचले. रडू आलं नाही. नुसतं खाली बसावंसं वाटत होतं.

साहेबानं एक कागद पुढं केला, शाईची डबी सरकवली. "अंगठा दे. न्हायतर उद्यापासनं येऊ नकोस."

माझी चौथी झालीय. बोट ठेवून वाचलं. 'संशयास्पद वस्तू लपवून आणली. चूक कबूल आहे.'

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी त्याचा पेन उचलला. मजकुरावर काट मारली. खाली लिहिलं, 'माझी डावी छाती कापलेली आहे. तिथं ज्वारीची पिशवी होती. साहेबांनी ती सगळ्यांसमोर फाडली.' पूर्ण नाव लिहिलं.

त्यानं वाचलं. कागद टेबलाच्या खणात टाकला. म्हणाला, "घरी जा."

आज चौथा दिवस. निरोप आलाय, नव्या कागदावर अंगठा दिला तर परत घेतील. घरचे म्हणतात, "दे की. काय जातंय?"

मी थकलेय. काम मला पाहिजेच आहे. उद्या गेटवर जाईन, पिशवी न लावता. अंगठा देणार नाही. मला घ्यायचं असेल तर मी लिहिलेला कागद तसाच ठेवून घ्यावं लागेल.