ओळखीचं चामडं

उन्हाळ्याआधीच्या कामांत नळाची गळकी चकती बदलणं पहिलं. आज ती काढली तेव्हा ओल्या चामड्याचा वास हाताला लागला, आणि जळगावात आमच्या दारी नळ आला तो वैशाख आठवला.

मळ्यातल्या विहिरीचं पाणी नासलं होतं. धाकटा भाऊ तापानं फणफणून पाणी मागत होता. पण नळात चामडं असतं हे कळल्यापासून अक्का, माझी आत्या, ते पाणी घरात येऊ देत नव्हती.

“अक्का, आपली मोट काय केळीना पाननी शे?” आई चिडली.

“ते चामडं आपला वळखनं शे. या नळीना तिकडला टोकले कोन शे, माले काय ठाऊक?”

भाऊ कण्हला. अक्कानं नळाखाली तांब्या भरला, हुंगला. “पयले मी पिसू. माले काही व्हयनं नही, मंग पोऱ्याले दे.”

देवालाही न चढवलेलं पाणी ती डोळे मिटून प्यायली. आई वाटी घेऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं अक्कानं मान हलवली, तेव्हा भावाला पाणी मिळालं.

तेव्हा मला तिच्या संशयाचं हसू आलं होतं. आज नवी चकती बसताच मुलं पेले घेऊन धावली. “थांबा,” म्हटलं, आणि पहिला पेला मी प्यायले.