परबांचं क्रिएटिनिन

रक्ताचे नमुने आम्ही ठरलेले दिवस फ्रीजमध्ये ठेवतो आणि मग पिवळ्या पिशवीत टाकून देतो. किश्श्यांसाठी अशी पिशवी अजून कुणी काढलेली नाही! लालबागच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मला टेक्निशियन म्हणून बावीस वर्षं झाली. एक किस्सा सांगायला घेतला की मागून चार येतात. आज फक्त किडनीचे सांगते, आणि किडनीचे म्हटले की परब नवरा-बायको आलेच.

लॅबमध्ये आम्ही तिघं. मालकीण आणि पॅथॉलॉजिस्ट कर्णिक मॅडम, रक्त काढणारा खोताच्या वाडीतला ऑल्विन, आणि मी. ऑल्विनचा हात इतका हलका की सुई काढून झाल्यावर माणसं विचारतात, "कधी टोचणार?" मॅडमची जीभ मात्र तेवढी हलकी नाही.

*

रेखा परब करी रोडची. वय सेहेचाळीस. बीपीनं तिच्या किडन्या खराब केल्या होत्या आणि दर महिन्याला ती क्रिएटिनिन करायला यायची. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंमधून रोज रक्तात येणारा कचरा. किडनी धड असेल तर तो बाहेर टाकते, नसेल तर आकडा चढत जातो. रेखा या आकड्याकडे शाळेतल्या मार्कांसारखी बघायची. फरक एवढाच, की इथे कमी पडले की आनंद!

एकदा आली ती पाय सुजवूनच. शेजारणीनं सांगितलं होतं, भरपूर पाणी प्यायलं की किडनी धुऊन निघते. बाई सकाळपासून तीन लिटर पाणी पिऊन आलेली. आकडा जागचा हलला नाही.

मॅडम कडाडल्या, "रेखाताई, किडनी म्हणजे मोरी नव्हे, बादली ओतली की साफ!"

रेखा हसली. मग हळूच म्हणाली, "काहीतरी करावंसं वाटतं हो, मॅडम. नुसतं बसून किती बघायचं?"

मॅडमनी तिच्यासाठी चहा मागवला. अर्धाच कप, कारण तिचं पाणी मोजून होतं.

*

मध्येच हा एक, कारण तो त्याच आठवड्यातला. परळच्या एका जिमचा ट्रेनर आला. दंड असे, की ऑल्विनचा पट्टा बांधता बांधता संपला! क्रिएटिनिन आलं दीड, म्हणजे मर्यादेच्या वर. आईला सोबत घेऊन आला होता. तिनं बाकावरच रडायला सुरुवात केली.

मॅडमनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दुसरी टेस्ट सांगितली, सिस्टॅटिन सी. तिला स्नायूंशी फारसं देणंघेणं नसतं. ती अगदी नॉर्मल आली. मॅडम म्हणाल्या, "किडनी ठणठणीत आहे. स्नायूच एवढे आहेत की कचरा जास्त होतो."

आईनं डोळे पुसले. "म्हणजे हा खरंच जिमला जातो? मला वाटायचं, नुसते सेल्फी काढतो!"

*

रेखाचा आकडा काही थांबला नाही. सातच्या वर गेला आणि डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. हॉस्पिटलनं सांगितलं, घरातलं कुणी किडनी देणार असेल तर बघा.

बावीस वर्षांत मी बायकोनं नवऱ्याला, आईनं मुलाला, बहिणीनं भावाला किडनी दिलेली बघितली. उलटं क्वचितच. त्यामुळे रेखाला बाकावर बसवून वसंत परब काउंटरवर येऊन म्हणाले, "ताई, माझी किडनी चेक करायची. तिला द्यायची आहे," तेव्हा माझ्या हातातलं पेन थांबलं. परब बावन्न वर्षांचे, कॉटन ग्रीनच्या एका गोदामात सुपरवायझर. बोलायला कमी, पण बायकोचे सगळे रिपोर्ट तारखेनं लावलेली फाइल सतत काखेत. रक्तगट जुळला होता. आता सगळं त्यांच्या किडनीवर होतं.

ऑल्विननं पट्टा बांधला आणि सांगितलं, "मूठ मिटा." परबांनी मूठ मिटली, उघडली, मिटली, उघडली, जोरजोरात. चेहरा लालबुंद!

"अरे मॅन, काय करता?" ऑल्विन ओरडला. "असं केलं तर पोटॅशियम खोटं वाढतं. सोडा, सोडा!"

परब ओशाळले. "मला वाटलं, ताकद दिसली पाहिजे."

"ताकद मशीन बघत नाय," ऑल्विन म्हणाला. "तुम्ही शांत बसा. बाकी सगळं मशीन बघेल."

मग त्यानं पाच मिनिटं थांबून, पट्टा न बांधता, दुसऱ्या हातातून रक्त काढलं.

*

रेखा बाहेर बाकावरच बसली होती. नमुना मी लावला. क्रिएटिनिन आलं एक पॉइंट चार. आमच्याकडे पुरुषांची वरची मर्यादा आहे एक पॉइंट दोन. म्हणजे देणारा नापास!

मी परत लावला. एक पॉइंट चार. बाहेर जाऊन त्या दोघांना हे कोण सांगणार?

मॅडमना हाक मारली. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही. ट्यूब उचलून उजेडात धरली. रक्त मशीनमध्ये गरागरा फिरवल्यावर वर येणारं पाणी पिवळसर आणि स्वच्छ दिसायला हवं. हे दुधासारखं पांढुरकं होतं, नुकतंच तेल-चरबीचं भरपूर खाल्लं की होतं तसं.

"परबांना आत बोलवा," त्या म्हणाल्या. परब आले. "सकाळी काय खाल्लंत?"

परबांचा चेहरा उजळला. "मटण-वडे! रेखानं केले. किती महिन्यांनी ती ओट्यापाशी उभी राहिली, मॅडम. पाचला उठली. म्हणाली, किडनी द्यायची तर अंगात ताकद हवी. मला तीनदा वाढलं."

शिजवलेल्या मटणात क्रिएटिनिन असतंच. ते पोटातून थेट रक्तात येतं आणि काही तास आकडा फुगवतं. बायकोनं प्रेमानं वाढलं आणि नवरा त्याच मटणानं नापास झाला!

मॅडमना मी रागावताना शेकडो वेळा बघितलंय. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "चव कशी झाली होती?"

"एक नंबर," परब म्हणाले.

मग मॅडमनी समजावलं. तीन दिवस मटण-मासे बंद, गुरुवारी परत रक्त. परबांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "ताई, हिला सांगू नका. तिच्या जेवणानं झालं, हे कळलं तर ती परत ओट्याजवळ जायची नाही."

मी बाहेर जाऊन रेखाला सांगितलं, मशीन बंद पडलंय, गुरुवारी या. खोटं बोलताना मी मशीनची माफी मागितली. बिचारं कधी नव्हे ते इतकं बरोबर चाललं होतं.

*

गुरुवारी दोघं आले. परब आत रक्त द्यायला गेले आणि रेखा काउंटरवर माझ्याकडे झुकली.

"ताई, मशीन चालू झालं?"

"झालं की."

"ते बंद नव्हतंच ना? मटणाचं होतं ना?"

मी उगाच पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"मी त्याच दिवशी ऑल्विनभाऊंना पकडलं जिन्यात. त्यांना खोटं बोलता येत नाही. मी तीन दिवस दुधी, घेवडा, मूगडाळ करतेय. हे म्हणतात, नवस आहे, मटण-मासे सोडलेत. मालवणी माणूस आणि सुरमईकडे पाठ फिरवून बसलाय! मीही म्हणते, हो का, बरं. ताई, मला माहितीये हे त्यांना सांगू नका. एवढं निभावून नेतायत, निभावू दे."

तेवढ्यात परब दंडाला कापूस दाबत बाहेर आले आणि तिनं विचारलं, "दुखलं काय हो?"

"नाय गो," परब म्हणाले. "काय समजलंच नाय."

दोघांनी मिळून एकच गुपित माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. मी ते नीट ठेवलं.

त्या दिवशीचा नमुना मी स्वतः तीनदा चालवला. गरज नव्हती, पण तरी. पॉइंट नऊ आठ. पॉइंट नऊ आठ. पॉइंट नऊ सात. मॅडमनी सही केली आणि रिपोर्ट स्वतः बाहेर नेऊन दिला, जे त्या कधीच करत नाहीत. रेखानं कागद बघितला आणि पदर तोंडावर धरून रडली. परब फाइलमध्ये तो कुठल्या तारखेखाली लावायचा हे शोधत राहिले. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ऑल्विन आत जाऊन, आधीच लावून ठेवलेल्या ट्यूब परत लावू लागला.

*

पुढच्या तपासण्या हॉस्पिटलमध्ये झाल्या, ऑपरेशनही तिथेच. बरेच आठवडे दोघांचा पत्ता नव्हता. मला फोन करायची हिंमत होत नव्हती.

मग एका सकाळी रेखा आली. तोंडावर मास्क, अंगावर जरा ढगळ ड्रेस, पण चालणं स्वतःचं. मागून परब, जिना जपून चढत, काखेत फाइल. ते बाकावर बसले आणि ती काउंटरवर आली. क्रिएटिनिन करायचं होतं. मी आनंदानं काय काय बडबडले, मला आठवत नाही. शेवटी फॉर्म पुढे ओढला. रिपोर्टवर किडनी किती टक्के काम करते तेही येतं, आणि तो हिशेब कॉम्प्युटर क्रिएटिनिन आणि वय यावरून लावतो. म्हणून नेहमीसारखं विचारलं, "वय?"

रेखा थांबली. तिनं उजवा हात पोटावर, खाली उजवीकडे, नवी किडनी बसवली होती तिथे ठेवला.

"कोणाचं सांगू, ताई? माझं सेहेचाळीस. आणि हिचं बावन्न."

बाकावरून परब ओरडले, "त्रेपन्न! ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वाढदिवस झाला आमचा!"