घंटीच्या आधी वळणारा हात

कुंदाबाई सोनवणेंना मी कधी एका जागी बसलेलं पाहिलं नाही. जळगावला नवी पेठेत त्यांचा टायपिंग क्लास होता. आम्ही मुली मशीनवर बोटं बडवत असायचो आणि बाई हातात पट्टी घेऊन मागून येरझाऱ्या घालायच्या. चहा अर्धा प्यायच्या, अर्धा कुठेतरी खिडकीत विसरायच्या. घरी नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आल्या, माहेरी भावजयीशी पटलं नाही म्हणून क्लास काढला, असं लोक बोलायचे. बोलेनात का. मला त्यांच्याइतकी सरळ बाई भेटली नाही, आणि त्यांच्याइतकी तापटही.

त्यांच्या क्लासची एक खोड होती. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनची घंटी वाजायची नाही. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते आणि मग टायपिस्ट कॅरेज, म्हणजे कागदाचा रूळ, ओढून नवी ओळ धरते, हे साऱ्या जगात चालतं. बाईंनी ती घंटी मुद्दाम दुरुस्त केली नव्हती. "घंटी ऐकून वळणारे हात आळशी," म्हणायच्या. चांगली मुलगी दिसली की तिची रवानगी त्या मशीनवर. तिथं शिकलेल्या मुलीच्या बोटांनाच ओळीचा अंदाज यायचा, आणि ती आयुष्यभर घंटीच्या जरा आधीच कॅरेज ओढायची. त्या मशीनवर सर्वांत सुरेख हात बसला तो मंजुळाचा. पारोळ्याची पोर, जळगावला मावशीकडे राहायची. मिनिटाला चाळीस शब्दांचं सर्टिफिकेट तिनं पहिल्या फटक्यात काढलं. पुढे नोकरी मात्र मिळेना. बाईंकडे शिकवायला ठेवायला जागा नव्हती, याची त्यांना खंत होती.

हे सारं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं. पुढचं मला बाईंनी आणि मंजुळानं वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघींचं जुळलं.

परीक्षेला पर्यवेक्षक नेहमी परगावच्या क्लासचे नेमायचे. बाईंना दरवेळी चाळीसगाव मिळायचं. त्या वर्षी धुळ्याचा माणूस ऐनवेळी आजारी पडला आणि बाईंना धुळ्याला धाडलं. केंद्र एका शाळेत होतं. सकाळीच हातगाड्यांवरून क्लासक्लासची मशीनं आलेली, बाकांवर मांडलेली, मेकॅनिक तेलाची बाटली घेऊन व्हरांड्यात. स्पीडची परीक्षा सुरू झाली आणि हॉल कडकडायला लागला. घंट्या एकामागून एक वाजत होत्या. बाई आपल्या सवयीनं मागून फिरत होत्या. खिडकीकडच्या रांगेत आल्या आणि थांबल्या. पुढच्या मशीनची कॅरेज फिरली, पण घंटी वाजली नव्हती. पुन्हा ओळ संपली, पुन्हा तसंच. मशीन धुळ्याच्या मगन सरांच्या क्लासचं, नवं कोरं. त्याची घंटी बिघडलेली असणं शक्य नव्हतं.

पोरीनं डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढला होता. बाईंनी पुढे जाऊन पाहिलं. मंजुळा.

बाकावरचं हॉलतिकीट धुळ्यातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं होतं. फोटो म्हणजे नुसता काळपट डाग, कुणाचाही म्हणून खपला असता. बोलायचं की पुढे निघून जायचं? पुढे गेल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. बाई दोन पावलं गेल्याही. मग परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कागद काढ."

मंजुळाची बोटं थांबली. आजूबाजूच्या कुणी मानही वळवली नाही, सगळे आपापल्या वेगाच्या मागे.

व्हरांड्यात ती रडली नाही, भरभर बोलत राहिली. "मगन सरांनी बसवलं, बाई. म्हणाले, एवढं केलंस तर माझ्या क्लासात शिकवायला घेतो. तुम्ही इथं असाल असं वाटलंच नाही."

"मी नसते तर चाललं असतं?"

मंजुळानं कपाळावरचा पदर मागे सारला.

केंद्रप्रमुख म्हणजे त्याच शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी गैरप्रकाराचा अहवाल लिहायला कागद पुढे केला. तेवढ्यात मगन सर आले. हे जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या क्लासवाल्यांच्या संघटनेचे चिटणीस. नवीन मशीनची परवानगी, परीक्षेचं केंद्र, सगळ्यात त्यांचा शब्द. पांढरा सफारी, तोंडात पान. "वाईट झालं, कुंदाताई," म्हणाले. "पोरीचं नाव लिहा आणि विषय संपवा. उगाच वाढवू नका. पुढच्या महिन्यात तुमच्या क्लासची तपासणी आहे ना?"

बाईंनी मंजुळाचं नाव लिहिलं. आपल्या क्लासचं नावही लिहिलं, तिथं त्या कचरल्या नाहीत. मगन सरांचं लिहिलं नाही. पुरावा काय, पोरीच्या तोंडचा शब्द, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती काही नीट पटली नाही.

दुपारच्या एस.टी.त दोघी एकाच बाकावर. धुळं ते पारोळं बाई खिडकीची काच वर कर, खाली कर, एवढंच करत होत्या. मंजुळाचं सर्टिफिकेट रद्द होणार, पुढे परीक्षेला बसू देणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं. पारोळं आलं तशी मंजुळा उठली. "बाई, आबांना काय सांगू?"

"मी सांगते," म्हणत बाईही उतरल्या.

मंजुळाचे वडील झुलाल आबा ओसरीवर दोर वळत बसले होते. बाईंना पाहून उठलेच. "या बाई, बठा! बठ्ठा गावले सांगेल शे मी, मनी पोर धुळाले मास्तरीण व्हयनी!" मगन सरांच्या नुसत्या शब्दावर त्यांनी साऱ्या गावाला लेक मास्तरीण झाल्याचं सांगून टाकलं होतं. आत चहाचं आधण पडलं. बाईंना खाटेवर बसवेना. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही.

आबांनी दोर खाली ठेवला. लेकीकडे पाहिलं. मारतील की काय असं बाईंना वाटलं. पण ते बाईंकडेच वळले.

"चूक शे मनी पोरनी. मान्य शे. पण जेनी बठाडं, त्यानं काय?"

बाई म्हणाल्या, तिला बसवणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही.

"कसाले?"

का, एवढाच साधा प्रश्न. वर आवाजही चढलेला नव्हता. बाई मला म्हणाल्या, "अगं, कानाखाली बसावी तसं झालं मला. आपल्या पोरीचं नाव लिहिताना मला केवढी मर्दुमकी वाटली होती! तिचं लिहायला काय लागतं? ती गरीब होती आणि माझी होती."

चहा तसाच राहिला. अहवालाचं पाकीट संध्याकाळी लाख लावून बंद होणार होतं. बाई म्हणाल्या, मी परत जाते. आबा लेकीला म्हणाले, "जाय तिनासंगे. तुना तोंडे सांग." मंजुळानं तोंडावर पाणी मारलं आणि निघाली. धुळ्याकडची गाडी लवकर येईना. बाई स्टँडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होत्या, कंट्रोलरला दोनदा विचारून झालं, तो वैतागला. शेवटी एक खचाखच भरलेली गाडी आली, तिच्यात दोघी दांडीला लोंबकळत गेल्या.

शाळेत पोचल्या तेव्हा शिपाई लाख वितळवत होता. मगन सर मुख्याध्यापकांसमोर पाय पसरून बसलेले.

"पाकीट थांबवा," बाई दारातूनच म्हणाल्या. "अहवाल अर्धा आहे."

मगन सर हसले. "ताई, तपासणीचं विसरलात वाटतं."

"नाही. या तपासणीला. मशीनं पुसून ठेवते." आणि कागद ओढून त्या लिहायला बसल्या.

मगन सर म्हणाले, या पोरीला आपण ओळखतही नाही. मुख्याध्यापक बिचारे भले माणूस, पण अडचणीत सापडलेले. त्यांनी मंजुळाला जवळ बोलावलं. "बाळ, जबाब दिलास तरी तुझं सर्टिफिकेट काही वाचायचं नाही. उलट यांच्याशी वाकडं येईल. मग कशाला सही करतेस?"

मंजुळाचा आवाज चिरकला, पण शब्द नीट आले.

"माझं गेलंच आहे, सर. पण तिथं मी एकटीच्या मनानं बसले नव्हते, मला बसवलं होतं."

आणि तिनं बाईंच्या हातातलं पेन घेतलं.