घंगाळातलं कढत पाणी

ज्या काळात नातवंडासाठी मी सुनेला खारीक-खोबरं चारत होते, त्याच काळात रोज संध्याकाळी पोटच्या पोराला स्वतःच्या हातानं कढत पाण्यात बसवत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला सांगलीच्या दवाखान्यात कळलं. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत असे.

अजितचं कराडजवळ गुऱ्हाळ. हंगामात दिवसभर पेटत्या चुलाणाशेजारी, रस उकळणाऱ्या काहिलीपुढं उभा. घरी आला की कंबर धरायचा. मग मी घंगाळात निरगुडीचा पाला टाकून वाफाळतं पाणी ओतायची आणि त्याला कमरेइतका बसवायची.

"आई, भाजतंय गं."

"गप बस. गडी हायस का कोण?"

अजितच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण पाळणा हलेना. मनीषाच्या, म्हणजे सुनेच्या, सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. तरी मी तिला आणखी एका डॉक्टरकडं न्यायला निघाले, तेव्हा ती उंबऱ्यातच थांबली. "आत्या, माजं समदं तपासून झालं. आता त्यास्नी न्या."

"त्याला काय धाड भरलीय? पैलवानागत हाय की!"

तिनं पायातली चप्पल काढून ठेवली. शेवटी तिघंही गेलो.

सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी झाली. स्पर्म काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, फारच कमी. होते तेही सुस्त. अजित मान खाली घालून बसला. "मशीन बिघडलं आसंल," मी म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. काम काय, तंबाखू खाता का, सगळं विचारलं. घंगाळाचं मी मोठ्या कौतुकानं, निरगुडीच्या पाल्यासकट सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, शुक्राणू टेस्टिसमध्ये, म्हणजे वृषणात तयार होतात. त्या जागेला अंगापेक्षा थोडा गारवा लागतो, म्हणून तर ती शरीराबाहेर आहे. दिवसभर ह्यांना चुलाण भाजतं, संध्याकाळी तुम्ही उकडता."

मग कागदावर चित्र काढून समजावलं. वृषणात बारीक नळ्या असतात. तिथल्या मूळ पेशी वाढतात, विभागतात. आईबापाकडून आलेला वारसा प्रत्येक पेशीत निम्मा उरतो, कारण उरलेला निम्मा बाईकडून यायचा असतो. गोल पेशीला मग शेपूट फुटतं. तिथून ती एपिडिडिमिसमध्ये जाते. ही वृषणामागची गुंडाळलेली नळी. तिथं राहून शुक्राणू पोहायला तयार होतो. सगळं मिळून तीनेक महिने.

"म्हणजे आजचा रिपोर्ट मागच्या पेऱ्याचा आहे," डॉक्टर म्हणाले. "उष्णता आणि तंबाखू बंद करा. तीन महिन्यांनी नवा पेरा बघू. कारण दुसरंही असू शकतं, तेही तपासू."

परतीच्या गाडीत मला एकेक आठवत गेलं. इतकी वर्षं बारशाला, हळदीकुंकवाला लोक मनीषाला "मूल कधी?" विचारत होते, आणि सगळ्यांत पुढं मी.

अजितनं काहिलीपुढं उभं राहून गूळ काढायला पगारी गुळव्या ठेवला, तंबाखूची पुडी चुलाणात टाकली. घंगाळ मी माळ्यावर चढवलं. खारका कुणालाच चारल्या नाहीत, एकटीनं खाल्ल्या. वाट बघणं तेवढं जमेना. दर आठवड्याला मी विचारायची, "झालं का रं तयार?" अजित लाजून गोठ्यात पळायचा.

तीन महिन्यांनी पुन्हा सांगली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडं बघितलं. "वाढलेत, मावशी. पळतायत पण."

तुमच्या घरी ही काळजी असेल, तर दोघांना बरोबरच तपासा. बाईला एकटीला पुढं धाडू नका. आणि उपाय सुरू केला की दुसऱ्याच दिवशी फळ मागू नका. शरीराला आपला हंगाम असतो.

वर्ष उलटलं आणि नात आली. तिच्या पहिल्या आंघोळीला मी हौसेनं घंगाळ माळ्यावरनं उतरवलं, घासलं, पाणी ओतलं. मनीषानं त्यात कोपर बुडवून बघितलं, गार पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हणाली,

"आत्या, पोरीला आंघोळ घालायची हाय, गूळ न्हाई काढायचा."